गाठ वाचणाऱ्या मिरीकर मॅडम

एमआरआय आणि सीटी स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांची खोली अंधारी आणि शांत असते. पडदे ओढलेले, दिवे मालवलेले, समोर मोठाले स्क्रीन आणि त्यांच्या उजेडात निळसर दिसणारे चेहरे. इंदूरच्या आमच्या हॉस्पिटलातली खोलीही अंधारी होती. शांत मात्र नव्हती, कारण तिथे डॉ. हेमलता मिरीकर बसत.

बाहेरच्या कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला मध्येच आतून आरोळी ऐकू यायची. "अरे वा वा वा! काय चीज आहे ही! या रे सगळे इकडे, जल्दी!" नवीन माणूस दचकायचा. आत क्रिकेटची मॅच लावलीय असं पुष्कळांना वाटायचं. आत मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या असायच्या, चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकायच्या बेतात, आणि स्क्रीनवर कुणाच्या तरी मांडीतली नाहीतर पाठीतली गाठ.

मी महूहून रोज ये-जा करून त्यांच्याकडे शिकायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी हाक मारली, "सोनटक्के भिया, जरा तो मधला फोटो मोठा कर." माझ्यामागे कुणी पुरुषमाणूस उभा आहे का, म्हणून मी वळून बघितलं. कुणी नव्हतं. भिया मीच होते. त्यांच्या लेखी डीन भिया, वॉर्डबॉय भिया, लिफ्ट भिया आणि अडकलेला प्रिंटरसुद्धा भिया. "इंदुरात राहून भिया न म्हणणं म्हणजे पोह्यावर शेव न टाकणं," असं त्या म्हणत.

सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि टेबलाच्या खणात जीरावनची बाटली. तो मसाला इंदूरकर पोह्यांवर घालतात. मॅडम पेरूवर, काकडीवर, उकडलेल्या अंड्यावर आणि एकदा तर माझ्यादेखत मारी बिस्किटावर घालून मोकळ्या झाल्या. "खाऊन बघ, मग बोल," एवढंच म्हणाल्या. मी खाल्लं. वाईट नव्हतं.

त्यांचं खास क्षेत्र होतं हाडं सोडून उरलेल्या शरीरातल्या गाठी. स्नायू, चरबी, नसा, सांध्यांभोवतीचं अस्तर, यांत कुठेही उगवणाऱ्या. अशा बहुतेक गाठी बिचाऱ्या निरुपद्रवी असतात, माणूस त्या घेऊन नव्वदी गाठतो. क्वचित एखादी घातकी निघते. आणि या घातकी जातीचे प्रकार इतके, की एखादा प्रकार एखाद्या डॉक्टरला सगळ्या आयुष्यात एकदाच भेटतो, किंवा भेटतच नाही. साहजिकच गफलत होते. साधीला घातकी समजून माणूस उगाच कापला जातो, आणि घातकीला साधी समजून दुर्लक्ष होतं. मॅडम या दोन्हींच्या मध्ये उभ्या असायच्या.

आमच्या शाखेतले डॉक्टर सहसा पेशंटचं तोंड बघत नाहीत, फोटोच बघतात. मॅडमना हे मुळीच पटत नसे. फोटो बघता बघता त्या ताडकन उठायच्या, बाहेर बाकावर बसलेल्या माणसाजवळ जाऊन बसायच्या आणि गाठीवर हात ठेवून गप्पा सुरू करायच्या. काय काम करता, कुठल्या हाताने, जमिनीवर बसता की खुर्चीवर, ही पहिल्यांदा कळली तेव्हा काय करत होता. आम्हाला सांगत, "मशीन सांगतं गाठ कशी आहे. ती तिथे आली का, हे माणूसच सांगणार."

आमचे लोक रिपोर्टच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य टाकतात की, रोग्याच्या लक्षणांशी ताडून पाहावं. म्हणजे चुकलं तर आमच्याकडे बोट नको. मी एकदा असा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ताडून कोण बघणार, पोस्टमन? पेशंट बाहेर बसलाय. जा, तूच ताडून ये." मी गेले, तर ती बाई म्हणाली की ही गाठ सकाळी नसते, संध्याकाळी भरते. त्या एका वाक्यासरशी माझा अख्खा रिपोर्ट बदलला. गाठ कसली, फुगणाऱ्या शिरांचा गुंता होता तो.

देपालपूरकडच्या एका मांजींची गोष्ट मला फार आवडते. म्हातारीच्या खांद्याच्या पात्याखाली मोठी गाठ होती. गावात कुणीतरी कॅन्सर म्हणून मोकळं झालं होतं. दोन धिप्पाड मुलगे तिला घेऊन आले होते आणि दोघंही रडत होते. म्हातारी मात्र शांतपणे पायांवर शाल घेऊन बसलेली. सर्जननं ऑपरेशनचा दिवस धरला होता. एमआरआय झाला, फोटो आले आणि मॅडम स्क्रीनवर वाकल्या. स्नायूच्या रंगाची गाठ आणि तिच्यात चरबीच्या बारीक बारीक रेघा, रबडीत साईचे लच्छे दिसतात तशा.

"मांजी गेल्या का?" त्यांनी विचारलं.

"बाहेरच आहेत."

मॅडम धावल्या. म्हातारीला दोन्ही हात पुढे घेऊन खांदे वाकवायला लावले आणि डाव्या पात्याखाली बोटं फिरवली. दुखणं उजवीकडे, फोटो उजवीकडचा, डावीकडे कुणी हात लावलाच नव्हता. मॅडमचा चेहरा फुलला.

"जुळं आहे! सोनटक्के भिया, जुळं आहे, जुळं!"

मुलगे रडायचे थांबून बघत राहिले. डाव्या बाजूचाही फोटो काढला. तिथे तशीच, पण लहान गाठ, तशाच लच्छ्यांची. हात वर्षानुवर्षं राबले की खांद्याचं पातं बरगड्यांवर घासून घासून अशी गाठ धरते, बहुतेकदा दोन्ही बाजूंना, असं मानतात. तिला इलॅस्टोफायब्रोमा म्हणतात. ती कुणाचं काही वाईट करत नाही.

मॅडमनी म्हातारीला माळवीत विचारलं, "मांजी, जिनगी भर कई काम कर्यो?"

"कई नी, बेटा. घट्टी पीसी, चारो काट्यो, छोरा पाल्या," म्हातारी म्हणाली.

मॅडम मुलग्यांकडे वळल्या. "सुना? ये तुम्हारी अम्मा की मेहनत है, पीठ पर जमा हो गई है. इसको काटते नहीं."

"तो म्हूँ घरे जाऊँ?" म्हातारीनं विचारलं.

"हौ, घरे जाओ. और घट्टी अब ये दोनों पीसेंगे."

दोन्ही मुलग्यांनी मान डोलावली. खरंच जात्यावर दळलं की नाही, ठाऊक नाही. सर्जन जरा तणतणत आले, फोटो बघितले आणि हसत सुटले. म्हणाले, "मॅडम, माझं एक ऑपरेशन खाल्लंत." मॅडम म्हणाल्या, "जीरावन घालून."

सगळ्या गोष्टी अशा रबडीवर संपत नसत. आमच्याकडे रीना नावाची सिस्टर होती. एका सकाळी चहाच्या वेळी ती नवऱ्याच्या एमआरआयची सीडी घेऊन आली. नवरा राजेश, शेव-नमकीनच्या दुकानाचा मालक. गुडघ्यामागे बरेच दिवस सुपारीएवढी गाठ होती, अलीकडे ठसठसायला लागली होती. दुसऱ्या एका ठिकाणी स्कॅन झाला, पाण्याची गाठ असल्याचं निदान झालं. "आजच काढणार आहेत, मॅडम. छोटंसं काम आहे. सहज बघता का?" असं म्हणून रीना चहा ओतायला लागली.

मॅडमनी सीडी घातली. त्या नेहमी फोटो सरकवताना गुणगुणत. गुणगुणणं थांबलं.

"रीना, राजेश आत्ता कुठे आहे?"

"तिकडेच, नर्सिंग होममध्ये. टेबलावर घेतला असेल आता. का, मॅडम?"

"पाणी नाहीये हे," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मला भराभर दाखवलं. गुडघ्यामागच्या पाण्याच्या गाठीला सांध्याकडे जाणारी एक बारीक मान असते, इथे ती नव्हती. पाणी एकसारखं पांढरं दिसतं, इथे आत बारीक पडदे होते, कुठे पांढरं, कुठे करडं, कुठे काळसर. आणि शिरेतून औषध देऊन फोटो काढलेच नव्हते. औषध दिलं की पाणी तसंच राहतं आणि जिवंत मांस उजळतं. मॅडमना संशय आला तो सायनोव्हियल सार्कोमाचा. ही गाठ पाण्याचं सोंग घेऊन वर्षानुवर्षं गुपचूप बसते, आणि ती साधी समजून खरवडून काढली तर आजूबाजूला सगळीकडे पेरली जाते. मग पुढे पाय वाचवणं कठीण.

तिथल्या सर्जनचा फोन उचलला जाईना. रिसेप्शनवरची मुलगी सांगत होती, डॉक्टर ओटीमध्ये आहेत, नंतर करा. मॅडमनी स्कूटरची किल्ली उचलली. "बस मागे."

मॅडमच्या मागे बसून केलेला तो प्रवास मी विसरणार नाही. रस्ता खणलेला, पुलाचं काम, टेंपो आडवे. मॅडम एका हाताने हॉर्न दाबून धरून ओरडत होत्या, "भिया, हटो! भिया, ज़रा साइड!" आणि खरंच माणसं हटत होती. एका ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी मारली तर त्यालाही "भिया, लौटते में!" म्हणाल्या.

नर्सिंग होमच्या जिन्यावर रिसेप्शनवरच्या मुलीनं अडवलं. मॅडम थांबल्या नाहीत. ओटीच्या दाराशी मात्र थांबल्या, टोपी आणि मास्क मागून घेतला, शूज काढले, आणि अनवाणी आत गेल्या. कमरेत भुलीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. राजेश पालथा, जागा. सर्जन हातमोजे घालून तयार. तो तिशीतला असेल, मॅडमना ओळखतही नव्हता.

"कोण आपण? अशा कशा आत आलात?"

"मी डॉक्टर मिरीकर, एमआरआय वाचते. चाकू खाली ठेवा, डॉक्टरसाहेब. हात जोडते."

तो भडकला. कुणीही भडकलं असतं. पण मॅडमनी आवाज चढवला नाही. फोनवर काढून आणलेले फोटो त्याच्यासमोर धरले आणि एकेक खूण बोटाने दाखवत गेल्या. "मी चुकले, तर तुम्ही उद्या हीच गाठ काढा, मी लाडू घेऊन येईन. मी बरोबर असले आणि तुम्ही आज काढलीत, तर याचा पाय आपल्या दोघांच्या हातून गेला."

त्यानं पुष्कळ वेळ फोटो बघितले. मग हातमोजे काढले. माझ्या मनात त्या तरुण सर्जनबद्दल आजही आदर आहे, कारण सगळ्या स्टाफसमोर हातमोजे काढणं सोपं नसतं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "पेशंटला काय सांगू, मॅडम?"

"मी सांगते." मॅडम राजेशच्या डोक्याजवळ स्टुलावर बसल्या. "राजेश भिया, आज छुट्टी. तुमचा फोटो अर्धाच काढलाय, मला पूरा पाहिजे."

औषध देऊन काढलेल्या फोटोत ती गाठ दिव्यासारखी उजळली. सुईनं तुकडा घेतला, निदान तेच निघालं. रीना त्या दिवशी आमच्या खोलीतल्या अंधारात बसून खूप रडली आणि मॅडम तिचा हात धरून बसल्या. पुढे राजेशचं नीट आखून मोठं ऑपरेशन झालं, गाठीभोवतीचं निरोगी मांसही घेतलं, मग किरणांचा उपचार झाला. आता तो किंचित लंगडतो. दुकानात उंच स्टुलावर बसून शेव तोलतो.

काही जण उशिरा यायचे. दोन-तीनदा कुठेकुठे गाठ कापून, ती दर वेळी परत उगवल्यावर, फुप्फुसात उतरल्यावर. त्या दिवशी मॅडम रिपोर्ट सांगताना एकेक शब्द जड होऊन पडायचा. मग बाहेर जाऊन त्या माणसाजवळ नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायच्या. गाठीबद्दल बोलायच्या नाहीत, त्याच्या शेतात काय लावलंय ते विचारायच्या.

आणि आता गौरी.

गौरी मल्लखांब करणारी मुलगी, नववीत शिकणारी. माळव्यात मल्लखांबाचं वेड मोठं आहे, आणि गौरी राज्यपातळीवर खेळलेली. तिच्या मांडीत गाठ आली, ती गरम, दुखरी आणि बघता बघता वाढणारी. एमआरआयमध्ये सगळा स्नायू पेटल्यासारखा दिसत होता. बाहेर कुठेतरी सुईनं तुकडा काढला होता, त्यात पेशी वेगानं वाढत होत्या आणि कच्चं हाड तयार होत होतं. मांसात हाड तयार करणारा कॅन्सर, अशी दाट शंका लिहून आली.

दर आठवड्याला आमच्याकडे कॅन्सरच्या केसेसची बैठक व्हायची. कॅन्सरचे डॉक्टर त्रिवेदी म्हणाले, किमो लगेच सुरू करू, मग मोठं ऑपरेशन. पाय वाचेल याची खात्री नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "सूज फार आहे."

"म्हणजे?" त्रिवेदींनी विचारलं.

"गाठ लहान आणि सूज केवढी मोठी बघा. खालचं हाड साफ आहे. कॅन्सर एवढा गलका करत नाही, भिया. मार लागल्यावर स्नायूत हाड धरतं, तसं असू शकतं. सुरुवातीला तो प्रकार अगदी कॅन्सरसारखाच दिसतो. सुईतसुद्धा."

"पण मार लागलेला नाही. मुलगी नाही म्हणते, आई नाही म्हणते. लिहिलंय इथे."

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी गौरीच्या सरावाच्या मैदानावर गेल्या, मला घेऊन. तिथे दहा-बारा मुली खांबावर चढत होत्या. धावत यायच्या, उडी मारायच्या आणि एका मांडीनं खांब करकचून पकडायच्या. लाकडावर मांडी आपटल्याचा आवाज लांबवर यायचा. पुन्हा, पुन्हा, त्याच जागी. मॅडम बघत राहिल्या. माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं.

"लागलं का, असं हिला विचारून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी हे लागणं थोडंच आहे. हा तर रोजचा सराव."

कोचनं सांगितलं, की मागच्या स्पर्धेत गौरीची पकड सुटली होती, मांडीवर जोरात आपटली होती, पण तिनं डाव पुरा केला आणि खाली उतरून हसली. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

मॅडम बैठकीत परत उभ्या राहिल्या. मागणी एकच होती की, त्या तुकड्याच्या काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टना दाखवा, आणि काही आठवडे थांबून सीटी काढा. तोपर्यंत सुई नको, औषध नको, चाकू नको.

त्रिवेदी सर चांगले डॉक्टर, मॅडमचे जुने मित्र. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आप गलत हुईं, तो ये हफ़्ते वापस नहीं मिलेंगे."

"मालूम है."

"लड़की की जान का सवाल है."

"मालूम है, त्रिवेदीजी. टांग का भी है."

शेवटी त्रिवेदी सर तेवढ्या आठवड्यांपुरते राजी झाले. गौरीच्या वडिलांना मॅडमनी स्वतः सगळं सांगितलं. दोन्ही बाजू, काहीही न लपवता. ते बँकेत नोकरी करणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "मॅडम, आपकी बेटी होती तो?"

मॅडम म्हणाल्या, "तो भी रुकती. पर डरते-डरते रुकती."

ते हात जोडून उठले. म्हणाले, "फिर हम भी वैसे ही रुकते हैं."

मधल्या त्या दिवसांत आमची खोली इतर रेडिओलॉजिस्टांच्या खोल्यांसारखी शांत झाली. आरोळी नाही, गाणं नाही. जीरावनची बाटली खणात तशीच पडून. कुणी हाक मारली तर मॅडम दचकायच्या. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत आलं ते मोघम होतं, हेही असू शकतं आणि तेही. म्हणजे सगळं आमच्यावर आलं. गौरी रोज फोन करून सांगायची की दुखणं कमी आहे. मॅडम म्हणायच्या, "शाब्बास," आणि फोन ठेवून डोळे मिटून बसायच्या.

सीटीच्या दिवशी काचेमागे उभं राहायला जागा नव्हती. त्रिवेदी सर, ऑर्थोपेडिकवाले, पॅथॉलॉजीवाले, रीना सिस्टर, सगळे. काचेपलीकडे गौरी मशीनच्या टेबलावर सरळ पडलेली, दोन्ही मुठी आवळलेल्या. टेबल सरकलं. मशीन फिरलं. स्क्रीनवर मांडीचे काप वरून खाली उमटत गेले. आधी नुसता स्नायू, मग आणखी स्नायू, आणि मग एक पांढरी गोल कडा. स्वच्छ. पातळ. पुरी. आत फिकट, बाहेर पक्की.

मॅडमनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर नेला.

"कवच!" त्या ओरडल्या. "अंड्याचं कवच! बाहेर पक्कं, आत कच्चं! बघा, बघा, त्रिवेदीजी, बाहर पक्का, अंदर कच्चा!"

कॅन्सरचं हाड उलटं वाढतं, आत घट्ट आणि बाहेर कच्चं. मार लागून धरलेलं हाड बाहेरून आत पिकत येतं. त्या एका कडेनं सगळं सांगून टाकलं होतं. त्रिवेदी सरांनी सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मग सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली, टेक्निशियन बटणं सोडून टाळ्या वाजवू लागला, आणि मॅडमनी माझे दोन्ही हात धरून त्या तेवढ्याशा जागेत फुगडीचा एक फेर घेतला. साठीकडे झुकलेल्या बाईनं घेतलेला तो फेर मला अजून मनगटात जाणवतो.

मग त्या धावत आत गेल्या. काचेपलीकडे आम्हाला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. मॅडम वाकून काही सांगताहेत, गौरी ऐकतेय, तिच्या मुठी उघडताहेत. नंतर कळलं, की तिनं पहिला प्रश्न विचारला होता, "तो फिर मैं खंबे पर कब चढ़ूँ?" आणि मॅडम खेकसल्या होत्या, "अभी नहीं! हड्डी को पकने दे, पागल लड़की!" आणि मग तिला मिठीत घेऊन रडल्या होत्या. बाहेर तिचे वडील बाकावरून उठले आणि पुन्हा बसले. त्रिवेदी सरांनी संध्याकाळी अख्ख्या विभागाला जिलबी खिलवली. म्हणाले, "हारने की इतनी ख़ुशी कभी नहीं हुई."

एकदा लालबागच्या मैदानावर जत्रा भरली होती. मॅडमना आकाशपाळण्यात बसायचं होतं, आणि सोबत मी. वर गेल्यावर सगळं इंदूर खाली पसरलेलं दिसलं. मी धीर करून विचारलं, "मॅडम, इतकी वर्षं झाली, हजारो फोटो बघितलेत. तरी रोज एवढ्या खूश कशा होता?"

पाळणा खाली यायला लागला होता. त्या दांडा धरून म्हणाल्या, "कंटाळलेला माणूस नेहमीचं उत्तर देतो, भिया. आणि नेहमीचं उत्तर ज्या दिवशी चुकतं, त्या दिवशी पाय आपला जात नाही, दुसऱ्याचा जातो. म्हणून मी कंटाळत नाही. कसम खाल्लीय समज." आणि लगेच, "अरे देख, देख, किती छोटी दिसतात माणसं!"

मॅडम रिटायर झाल्या तेव्हा शहरातल्या बड्या सेंटरची माणसं त्यांच्या मागे होती. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. निमाडमधल्या एका जिल्ह्याच्या गावी सरकारी इस्पितळात पहिलंवहिलं एमआरआय मशीन येणार होतं आणि फोटो वाचायला तिकडे कुणी जायला तयार नव्हतं. मॅडम गेल्या. आम्ही म्हटलं, "या वयात? त्या उन्हात?" तर म्हणाल्या, "तिकडचा माणूस इंदूरपर्यंत पोचतो, तोवर गाठ सुपारीची नारळ होते. मीच जाते ना तिकडे. मला काही ओझं नाही."

मशीन बसवायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. एमआरआयचं चुंबक हत्तीएवढं असतं, दारातून जात नाही. त्यासाठी खोलीची एक भिंत फोडून ठेवलेली होती आणि आवारात क्रेन उभी होती. अर्धं गाव जमलं होतं. पेशंट सलाइनची बाटली हातात धरून वॉर्डातून बाहेर आले होते, झाडाखाली शेळ्या थांबल्या होत्या, कुणी नारळ फोडला होता. क्रेननं चुंबक उचललं. ते पांढरं धूड साखळ्यांवर हलकेच डुलत वर गेलं आणि सगळ्या गर्दीच्या तोंडून "ओ हो हो" निघालं. सगळ्यांत मोठा आवाज मॅडमचा. त्या हेल्मेट घालून क्रेनवाल्याला खालून ओरडत होत्या, "धीरे, भिया, धीरे! नई बहू है, चौखट न लगे!" इंजिनियर त्यांना मागे सरा, मागे सरा म्हणत होता. त्या दोन पावलं मागे सरायच्या आणि चार पावलं पुढे यायच्या.

माझी बसची वेळ झाली होती. निरोप घ्यायला गेले तर मॅडमचं लक्षच नव्हतं. त्यांनी न बघता माझ्या खांद्यावर थोपटलं आणि परत वर बघायला लागल्या. फाटकाबाहेर बस उभीच होती. मी चढले, खिडकीशी बसले आणि मागे वळून बघितलं. चुंबक भिंतीतल्या त्या भगदाडातून आत सरकत होतं. ते आत टेकलं, धूळ उडाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. धूळ खाली बसायच्या आत मिरीकर मॅडमनी साडी खोचली, पडलेल्या विटांवर एक पाय ठेवला आणि कुणाचाही हात न धरता त्या भगदाडातून आत उतरल्या.